घरगुती उबवणीतील जादा कोंबडे

घरगुती उबवणीतील जादा कोंबडे म्हणजे परसातील कोंबडीपालनात खुडूक कोंबडीखाली किंवा छोट्या उबवणी यंत्रात अंडी उबवल्यानंतर निघणारे, पैदाशीसाठी आवश्यक असलेल्या संख्येपेक्षा अधिक असलेले नर पक्षी. उबवलेल्या पिल्लांत नर आणि मादी यांचे प्रमाण सरासरी निम्मे-निम्मे असते. कळपाला मात्र आठ ते दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा पुरतो. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक उबवणीनंतर काही कोंबड्यांचे काय करायचे, हा प्रश्न पालकापुढे उभा राहतो. महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवण किनारपट्टीवर, या प्रश्नाला आहार, ग्रामदैवतांशी निगडित प्रथा, स्थानिक बाजार आणि अलीकडे वाढलेला पर्यटन व्यवसाय अशी अनेक अंगे आहेत.

संज्ञा

मराठीत पूर्ण वाढलेल्या नराला कोंबडा, तर अंड्यावर न आलेल्या तरुण मादीला तलंग म्हणतात. मालवणी बोलीत कोंबड्याला 'कोंबो' असे म्हणतात. अंडी देणे थांबवून उबवण्यास बसू पाहणारी कोंबडी ती 'खुडूक' कोंबडी. स्थानिक, मिश्र वंशाच्या पक्ष्यांना 'गावठी' असे संबोधले जाते. गावठी ही एखादी नोंदणीकृत जात नसून पिढ्यान्‌पिढ्या परसात वाढलेल्या पक्ष्यांची सर्वसाधारण ओळख आहे.

नरांची संख्या जास्त का होते

पक्ष्यांमध्ये पिल्लाचे लिंग मादीकडून ठरते. कोंबडीची लिंग गुणसूत्रे झेड आणि डब्ल्यू, तर कोंबड्याची दोन्ही झेड असतात. अंड्यात झेड गेले तर नर आणि डब्ल्यू गेले तर मादी जन्मते. अंडे घातले जाते त्या क्षणी हे ठरून गेलेले असते. टोकदार अंड्यातून नर व गोलसर अंड्यातून मादी निघते, ही समजूत अनेक ठिकाणी आढळते; तथापि अंड्याच्या बाह्य आकारावरून लिंग ओळखता येत नाही. उबवणीचे तापमान कमी-अधिक केल्याने नराची मादी होत नाही. तसे केल्यास भ्रूण मरण्याचा किंवा पिल्ले अशक्त निघण्याचा धोका मात्र वाढतो.

निम्मे-निम्मे हे प्रमाण सरासरीचे आहे. छोट्या उबवणीत ते बरेच ढळू शकते. दहा पिल्ले निघाली तर त्यांपैकी सात किंवा अधिक नर असण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते, म्हणजे साधारणतः सहा उबवण्यांपैकी एकीत असे घडते. यंदा सगळे कोंबडेच निघाले, अशी तक्रार करणाऱ्या घरात बहुधा याहून वेगळे काही घडलेले नसते.

पूर्वी हा प्रश्न मर्यादित राहण्याचे कारण कोंबडीची स्वतःची क्षमता हे होते. गावठी कोंबडीच्या पंखांखाली एका वेळी दहा-बारा अंडी नीट मावतात. २१ दिवसांनी निघालेल्या पिल्लांपैकी काही घार, मुंगूस आणि पावसाळी रोग यांमुळे दगावत. हाती राहिलेले दोन-तीन कोंबडे वर्षभरात घरातच खपत. लहान विद्युत उबवणी यंत्रांमुळे हे गणित बदलले. सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमान आणि योग्य आर्द्रता राखणाऱ्या यंत्रात पन्नास अंडी ठेवून चाळीस पिल्ले निघाली, तर त्यांत वीसच्या आसपास नर असतात, आणि ते सर्व एकाच वेळी वयात येतात. यंत्राने उबवणीची क्षमता वाढवली. जागा, खाद्य आणि गिऱ्हाईक मात्र त्या प्रमाणात वाढले नाही.

हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली वनराज किंवा बंगळूर येथे विकसित झालेली गिरिराज यांसारख्या सुधारित पक्ष्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. हे पक्षी संकरातून तयार झालेले असल्याने त्यांची अंडी घरी उबवल्यास पुढच्या पिढीत वाढ, रंग व अंडी देण्याची क्षमता यांत एकसारखेपणा राहत नाही. अशा उबवणीतील नर वजनाने बरे असले, तरी पैदाशीचे कोंबडे म्हणून ते भरवशाचे ठरत नाहीत.

नर ओळखणे

व्यापारी उबवणी केंद्रांत एक दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार तपासून लिंग ओळखण्याची पद्धत वापरली जाते. ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये विकसित झाली. तिला दीर्घ सराव लागतो आणि अननुभवी हातांनी पिल्लाला इजा होते, म्हणून घरगुती पालनात तिचा उपयोग नाही. पिसांच्या लांबीवरून लिंग ओळखण्याची युक्ती केवळ त्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या वाणांतच लागू पडते.

गावठी पिल्लांत साधारणपणे पाचव्या ते आठव्या आठवड्यात नराचा तुरा माद्यांच्या मानाने मोठा व लालसर होऊ लागतो. पाय जाड दिसतात आणि चालण्यात ताठपणा येतो. दहा-बारा आठवड्यांनंतर मानेवर व पाठीच्या मागच्या भागावर टोकदार, चकचकीत पिसे येतात. तलंगेची पिसे तेथे टोकाशी गोलसर असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आरवण्याचे पहिले, घोगरे प्रयत्न सुरू होतात. म्हणजे निर्णयासाठी लागणारी माहिती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच हाती येते. प्रत्यक्षात निर्णय घेतला जातो तो बहुधा कोंबडे एकमेकांशी झुंजू लागल्यावर किंवा शेजाऱ्याने बोलून दाखवल्यावर.

किती कोंबडे ठेवावेत

केवळ खाण्यासाठी अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरजच नसते. कोंबडी नराशिवायही अंडी देते. फलित अंडी हवी असतील तरच कोंबडा लागतो. मिलनानंतर कोंबडीच्या शरीरात शुक्राणू दोन ते तीन आठवडे टिकून राहतात. त्यामुळे कोंबडा काढल्यानंतरही काही दिवस फलित अंडी मिळतात. त्याच कारणाने, कोंबडा बदलल्यावर केवळ नव्या कोंबड्याची पिल्ले हवी असतील तर सुमारे तीन आठवडे थांबावे लागते.

नरांची संख्या प्रमाणाबाहेर गेल्यास त्याचा त्रास माद्यांना होतो. वारंवार होणाऱ्या मिलनामुळे त्यांच्या पाठीवरची व डोक्यामागची पिसे झडतात, कातडीला जखमा होतात आणि अंडी घटतात. दुबळ्या कोंबड्यांना खाद्यापासून हुसकावले जाते. खाद्याचा भारही कमी नसतो. पूर्ण वाढलेला पक्षी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम किंवा त्याहून अधिक खातो. मालवण परिसरात तांदळाची कणी, कोंडा, उरलेला भात आणि मासळी साफ करताना निघणारा टाकाऊ भाग यांवर बराच निभाव लागतो. पण दहा कोंबडे केवळ उष्ट्या-खरकट्यावर पोसले जात नाहीत. अंड्यांवरच्या कोंबड्यांसाठीच्या तयार खाद्यात चुना (कॅल्शियम) अधिक असतो. ते दीर्घकाळ खाल्ल्यास नरांच्या मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो.

घरच्या वापरासाठी एक कोंबडा आणि तो दगावल्यास पर्याय म्हणून आणखी एक, एवढे नर राखणे बहुतेक घरांना पुरेसे ठरते. ते निवडताना केवळ तुऱ्याचा रुबाब न पाहता निकोप पाय, चांगली वाढ, माणसांवर धावून न जाणारा स्वभाव आणि भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीचा वंश हे निकष अधिक उपयोगी पडतात.

उपलब्ध पर्याय

घरातील आहार

सिंधुदुर्गातील मांसाहारी घरांत जादा कोंबड्याचा सर्वांत सरळ शेवट 'वडे-सागोती' या जेवणात होतो. तांदूळ, उडीद डाळ, धणे, मेथी इत्यादींच्या पिठाचे तळलेले वडे आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातील कोंबडीचा रस्सा हे पाहुणचाराचे प्रतिष्ठित जेवण मानले जाते. सहा महिन्यांच्या आतील नराचे मांस कोवळे असते. वर्षाच्या पुढचा कोंबडा चिवट होतो आणि मंद आचेवर बराच वेळ शिजवावा लागतो.

कापण्यापूर्वी आठ ते बारा तास खाद्य बंद ठेवून पाणी चालू ठेवणे, पक्ष्याला न धावडवता अंधारात शांतपणे पकडणे, इतर पक्ष्यांपासून दूर नेणे आणि धारदार सुरीने एका झटक्यात काम उरकणे, यांमुळे पक्ष्याच्या यातना कमी होतात. आजारी किंवा नुकतेच औषध दिलेले पक्षी खाण्यास वापरू नयेत. औषधाचा अंश निघून जाण्यास किती दिवस लागतात, हे पशुवैद्यकांकडून जाणून घ्यावे लागते.

हाताने वाढवलेला, नाव ठेवलेला कोंबडा कापण्यास घरातील मुले व स्त्रिया अनेकदा विरोध करतात. हा विरोध हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परसातील कोंबड्यांची देखभाल मुख्यतः त्याच करीत असतात. असा पक्षी आपण न कापता विकणे किंवा दुसऱ्या घराशी अदलाबदल करणे, हा मधला मार्ग ठरतो.

राखण व ग्रामदैवते

दक्षिण कोकणात घर, बाग, शेत व गावाची सीमा यांचे रक्षण करणाऱ्या 'राखणदार' देवतेला वर्षातून एकदा 'राखण' देण्याची प्रथा अनेक घराण्यांत आहे. घाडी किंवा घरातील ज्येष्ठ पुरुष गाऱ्हाणे घालतो, नारळ ठेवला जातो आणि पुष्कळ ठिकाणी कोंबडा दिला जातो. त्याचे मांस नंतर प्रसाद म्हणून शिजवून खाल्ले जाते. या प्रथेमुळे घरच्या कोंबड्याला एक ठरलेले स्थान व ठरलेली वेळ मिळत असे. काही घरांत आता केवळ नारळावर राखण दिली जाते.

विक्री

गावठी कोंबड्याला जिल्ह्यातील आठवडा बाजारांत आणि खानावळींत मागणी असते. मात्र ती वर्षभर सारखी नसते. आषाढ अमावास्येपूर्वी ती शिगेला पोहोचते. श्रावणात बहुसंख्य घरांत मांसाहार वर्ज्य असल्याने ती एकदम खाली येते. गणेशोत्सवातही मोदक आणि शाकाहारी नैवेद्यच प्रमुख असतो. परंतु काही समाजांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्य दाखवण्याची रीत आहे. शिमगा आणि मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी घरी येतात तो काळ, हे मागणीचे इतर हंगाम होत. तारकर्ली, देवबाग, वायरी या भागांत पर्यटकांची घरगुती निवास-न्याहारी व्यवस्था वाढल्याने गावठी कोंबडीला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले आहे.

श्रावण सुरू झाल्यावर विकायला काढलेला कोंबडा पडत्या भावात जातो किंवा दीड-दोन महिने फुकट पोसावा लागतो. म्हणून विक्रीचा निर्णय हा मुख्यतः वेळेचा निर्णय असतो.

पैदाशीसाठी देवाणघेवाण

एकाच कोंबड्याची वंशावळ त्याच कळपात वर्षानुवर्षे चालू राहिल्यास जवळच्या नात्यातील संकरामुळे अंड्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण घटते आणि पिल्ले नाजूक होतात. यावर सोपा उपाय म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या गावातील घराशी चांगल्या कोंबड्याची अदलाबदल करणे. एका घरी जादा असलेला नर दुसऱ्या घरी आवश्यक असतो. हा पर्याय मोजक्याच पक्ष्यांना लागू पडतो, पण गावठी वंशाच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा आहे. आणलेला पक्षी कळपात सोडण्यापूर्वी किमान दोन आठवडे वेगळा ठेवावा लागतो. अन्यथा त्याच्याबरोबर राणीखेत (मानमोडी) किंवा देवी यांसारखे रोग येऊ शकतात.

नरांचा वेगळा कळप

लहानपणापासून एकत्र वाढलेले कोंबडे माद्या दृष्टीआड असतील तर बऱ्याच अंशी शांततेने नांदतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र खुराडे, मोकळी जागा, आडोसे आणि खाद्याची एकाहून अधिक भांडी लागतात. नारळाच्या वा आंब्याच्या बागेत हे जमते. ज्यांना पक्षी कापायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत, त्यांच्यापुढे हाच प्रामाणिक पर्याय उरतो. मात्र पक्षी जगेल तितकी वर्षे त्याचा खर्च सोसावा लागतो.

सोडून देणे

नको असलेला कोंबडा देवळाजवळ, रस्त्यालगत किंवा रानात सोडून देणे हे वरकरणी दयेचे वाटते; परिणामी ते तसे नसते. खुराड्याची सवय असलेला पक्षी कुत्री, मुंगूस, कोल्हा, उदमांजर किंवा रानमांजर यांना लवकर बळी पडतो. आजारी असल्यास तो इतर कळपांत रोग पसरवतो. सह्याद्रीच्या जंगलांत करडा रानकोंबडा आढळतो. पाळीव कोंबड्यांशी त्याचा संकर होऊ शकतो, आणि त्यामुळे वन्य वंशाच्या शुद्धतेला बाधा पोहोचते. पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा पिवळा रंग प्राचीन काळी याच रानकोंबड्याकडून संकराने आला असल्याचे जनुकीय अभ्यासांतून दिसून आले आहे.

आरवणे आणि शेजार

जादा कोंबड्यांविषयीची पहिली तक्रार बहुधा आवाजाची असते. देवबागसारख्या, कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात वसलेल्या गावात घरे जवळजवळ असतात आणि पहाटेच्या आरवण्याने पर्यटकांची झोपमोड होते. कोंबडा उजाडताच आरवतो, अशी सर्वसाधारण कल्पना आहे. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की पहाटेचे आरवणे पक्ष्याच्या शरीरातील जैविक घड्याळानुसार होते. सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही ठरावीक वेळी आरवतात. त्याच संशोधकांच्या पुढील अभ्यासात कळपातील वरचढ कोंबडा प्रथम आरवतो आणि इतर त्याच्यामागून क्रमाने आरवतात, असे आढळले. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण प्रसिद्धच आहे. झाकलेला कोंबडा आरवायचाही राहत नाही, असे या संशोधनावरून म्हणता येते. अंधाऱ्या खुराड्यामुळे आवाज थोडा दबतो, इतकेच. नरांची संख्या कमी करणे आणि खुराडे शेजारच्या घरापासून दूर ठेवणे हेच खात्रीचे उपाय होत.

फ्रान्समध्ये ओलेरॉन बेटावरील मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध सुट्टीसाठी येणाऱ्या शेजाऱ्यांनी खटला भरला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या मालकिणीच्या बाजूने निकाल दिला. २०२१ मध्ये त्या देशाने ग्रामीण भागातील आवाज व गंध यांना वारशाचा दर्जा देणारा कायदा केला.

कायदेशीर बाजू

भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० हा कायदा कोंबड्यांनाही लागू आहे. उपासमार किंवा तहानेने यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाविना सोडून देणे, यातना होतील अशा रीतीने त्याची वाहतूक करणे आणि करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजवणे हे कलम ११ नुसार गुन्हे आहेत. पाय बांधून उलटे टांगून कोंबड्या नेण्याची पद्धत यात मोडते. अन्नासाठी मारणे अनावश्यक यातना न दिल्यास या कलमाच्या कक्षेत येत नाही. धर्माने विहित केलेल्या रीतीने प्राणी मारण्याला कलम २८ मध्ये सूट आहे.

कोंबड्यांच्या झुंजी हे जादा नरांचे एक बेकायदा गंतव्यस्थान आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टूविषयक निकालात प्राण्यांच्या झुंजी रोखण्याविषयी स्पष्ट निर्देश दिले. सार्वजनिक जागी पक्षी झुंजवणे महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम, १८८७ खालीही दंडनीय आहे. आक्रमक कोंबड्याला अनोळखी गिऱ्हाईक अवाजवी किंमत देऊ लागल्यास पालकाने सावध राहणे आवश्यक ठरते.

उबवणीपूर्व नियोजन

जादा कोंबड्यांचा प्रश्न अंडी उबवणीला ठेवण्यापूर्वीच बराचसा सुटू शकतो. हव्या असलेल्या तलंगांच्या संख्येइतकेच नरही येणार, हे गृहीत धरून त्यांची सोय आधी ठरवावी लागते. पाच तलंगा हव्या असतील, तर पाच कोंबडे कोठे जाणार हे सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर कमी अंडी ठेवणे, किंवा विश्वासू पालकाकडून वयात आलेल्या तलंगा विकत घेणे अधिक शहाणपणाचे असते. जत्रांमध्ये रंगवून विकली जाणारी स्वस्त पिल्ले बहुधा व्यापारी अंडी उद्योगातील नकोसे नरच असतात. ती घेतल्याने जादा कोंबड्यांतच भर पडते.

काळाचे गणितही आधी मांडता येते. गावठी नर पाच-सहा महिन्यांत विक्रीयोग्य होतो. नोव्हेंबरमध्ये ठेवलेल्या अंड्यांतील कोंबडे मे महिन्यात तयार होतात, तेव्हा चाकरमानी व पर्यटक दोघेही असतात. जानेवारीच्या अखेरीस ठेवलेली अंडी फेब्रुवारीत फुटतात आणि त्यांतील कोंबडे आषाढात, म्हणजे श्रावणापूर्वीच्या मागणीच्या वेळी, हाताशी येतात. मार्च-एप्रिलमध्ये ठेवलेल्या अंड्यांतील नर मात्र नेमके श्रावण-भाद्रपदाच्या आगेमागे वयात येतात. जून-जुलैमधील उबवणी टाळलेलीच बरी. कोकणातील संततधार पावसात ओलसर खुराड्यातील पिल्लांना रक्ती हगवणीसारखे रोग लवकर ग्रासतात.

जागतिक संदर्भ

घरगुती पालनातील हा प्रश्न व्यापारी अंडी उद्योगात अवाढव्य रूप घेतो. अंड्यांसाठीच्या वाणांचे नर मांसासाठी परवडत नाहीत, म्हणून जगभरात दरवर्षी अब्जावधी नर पिल्ले जन्मल्याच्या दिवशीच मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून या प्रथेवर बंदी घातली. तेथे अंडे फुटण्यापूर्वीच आतील भ्रूणाचे लिंग ओळखणारी यंत्रे वापरात आली आहेत. ही यंत्रे घरगुती पालकाच्या आवाक्याबाहेरची आहेत.

परसातील कोंबडीपालन त्या तुलनेत सुस्थितीत म्हणावे लागेल. गावठी कोंबड्याच्या मांसाला मोल असल्याने नर हा तेथे टाकाऊ ठरत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात परसातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी होती आणि आधीच्या गणनेपेक्षा ती जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. या वाढीबरोबर घरोघरी निघणाऱ्या नरांची संख्याही वाढणे क्रमप्राप्त आहे. त्या प्रत्येकाची वाट, मग ती पानातली असो, बाजारातली असो किंवा शेजारच्या गावातील खुराड्याची असो, अंडी ठेवतानाच ठरलेली असणे पक्ष्याच्या आणि पालकाच्याही हिताचे असते.